फुलं अक्काची, हात दुसऱ्याचा

अक्का,

काल तुझं तेरावं झालं आणि आज दिवाळीच्या पाडव्याच्या सकाळी रेऊबाई परडी घेऊन फाटकाशी हजर. तेरा दिवस घर सुतकी म्हणून आपल्या अंगणाकडे कोणी फिरकलं नव्हतं. पिठलं-भाकरी आली, रडायला बायका आल्या, पण तुझ्या झेंडूची एक पाकळी कोणाच्या देव्हाऱ्यात गेली नाही. सुतक फिटलं आणि लगेच फुलं सुरू. माणूस गेलं तर गेलं, परडी रिकामी राहता कामा नये.

मी फाटकाची कडी आतून लावली, तिच्या तोंडावर. म्हणालो, रेऊबाई, या अंगणातली फुलं संपली. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. मागे झेंडू इतका मातला होता की फांद्या जमिनीला टेकल्या होत्या. पंचवीस वर्षं मलकापुरातल्या पोरांना खरं बोला म्हणून शिकवणारा मास्तर दिवसाढवळ्या, झेंडूच्या साक्षीने, धादांत खोटं बोलला. तिने परडी पदराखाली घेतली आणि भिंतीपलीकडे आपल्या घरी गेली.

मला राग आला आहे, अक्का. लोकांना वाटतं मास्तर बहिणीच्या दुःखाने गप्प झाले आहेत. तसं नाही. तोंड उघडलं तर शिव्या येतील म्हणून गप्प आहे.

दसऱ्याला या गल्लीतल्या प्रत्येक चौकटीवर तुझ्या झेंडूचं तोरण होतं. बैलांच्या गळ्यात होतं, दुकानांच्या तराजूंवर होतं, कापसाच्या जिनातल्या यंत्रांवरसुद्धा तुझीच माळ होती. आठ दिवसांनी तुला त्याच दारांवरून नेलं. तोरणं अजून उतरवली नव्हती, वाळून लटकत होती. खाली तू चाललीस, अंगावर पांढरं लुगडं आणि त्यावर एक फूल नाही. विधवेला फुलं चालत नाहीत म्हणे. सगळ्या गावाला तुझी फुलं चालली, फक्त तुला चालली नाहीत. याचा मला संताप येतो आणि तो कोणावर काढावा ते कळत नाही, म्हणून तुलाच लिहितो. तू माझं चिडणं नेहमी ऐकून घेत आलीस.

तू परत आलीस तेव्हा एकोणीस वर्षांची होतीस आणि मी अकरा. संग्रामपूरकडच्या तुझ्या सासरहून बैलगाडी आली, तीत तू आणि एक पेटी. आपल्या शेतात निंदायला येणाऱ्या बायकांपैकी कोणाचा नवरा गेला तर वर्षभरात ती पाट लावायची, नवी चूल मांडायची, पुन्हा हसायला लागायची. पण आपण पडलो देशमुख. जमीन उरली होती बारा एकर आणि तोरा बाराशे एकरांचा. दोन चांगली माणसं विचारायला आली होती हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. बाबांनी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

मग तू विहीर आणि भिंत यांच्यामधली ती चिंचोळी पट्टी धरलीस. धुण्याचं पाणी तिथे वाहायचं, गवत माजायचं, घरातलं कोणी तिकडे जात नसे. तू गवत उपटलंस आणि कोणाच्या तरी परसातून आणलेलं तेरड्याचं बी टाकलंस. बाबांनी विचारलं तेव्हा देवाला होतील म्हणालीस. देवाचं नाव घेतल्यावर बाबा काय बोलणार? त्या घरात तुला जे काही हवं होतं ते तू देवाच्या नावावरच मागत आलीस.

मी मास्तर झाल्यावर परीक्षेच्या कामाने बुलढाण्याला गेलो होतो. तिथल्या एका बंगल्याच्या माळ्याला दोन विड्या दिल्या आणि कागदाच्या पुडीत चिमूटभर बी आणलं. तू ते तळहातावर ओतून फुंकर मारलीस आणि म्हणालीस, "कोंडा आनला का बे, बापू?" तो झिनिया होता. सव्वा महिन्यात लाल, केशरी, गुलाबी अशी टपोरी फुलं उभी राहिली, आणि तू चार वेळा मला हाताला धरून तिकडे नेलंस. झिनिया हा शब्द तुझ्या तोंडात कधी बसला नाही. तू त्यांना बंगल्याची फुलं म्हणायचीस, आता सगळी गल्ली तेच म्हणते.

गुलाब मात्र तू कधी लावला नाहीस. मी कलम आणून दिलं होतं ते तू सरळ रेऊबाईला देऊन टाकलंस. गुलाब म्हणजे घरजावई, तू म्हणायचीस, कितीही आग्रह करा, रुसलेलाच. तुला तेरडा, झेंडू, कोंबडा, झिनिया हीच मंडळी आवडायची. बी टाकलं की उगवतात, फुलतात, बी देऊन जातात, कोणाच्या जिवाला घोर नाही. लोक म्हणायचे, अक्काच्या हाताला गुण आहे. मला या बोलण्याचाही राग यायचा. गुण कसला? रोपं बोटभर झाली की तू निम्मी उपटायचीस, कारण दाटीत झिनियाच्या पानांवर पांढरी भुरी येते. झेंडूला शेणखत घालू द्यायची नाहीस. जास्त खाऊ घातलं की तो नुसता पाल्याला लागतो, फुलाचं नाव घेत नाही. पाणी सकाळी आणि बुडाशी, पानांवर शिंतोडा नाही. आणि उमललेलं फूल झाडावर राहू द्यायचं नाही, तोडत राहायचं, म्हणजे झाड पुन्हा पुन्हा फुलतं. हे सगळं तुझं तू बघून बघून शिकली होतीस. मी वर्गात शिकवतो त्यापेक्षा ते जास्त खरं होतं.

चिंध्यांची गोष्ट आठवते का? प्रत्येक रंगाचं पहिलं, सर्वांत मोठं फूल तू बियाण्यासाठी राखायचीस. कोणी चुकून तोडू नये म्हणून त्याच्या देठाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायचीस. एका सालात अशा वीस-पंचवीस चिंध्या वाऱ्यावर हलत होत्या, आणि गल्लीत हां हां म्हणता बातमी झाली की देशमुखांची विधवा करणी करते. एकेका घराच्या नावाने एकेक चिंधी. बायकांनी चिंध्या मोजल्या, घरं मोजली, आणि दोन्ही जुळलं म्हणे. महिनाभर आपल्या फाटकाशी कोणी उभं राहिलं नाही. तीन दारांवर लिंबू-मिरची टांगली गेली. मी शाळेतून तणतणत आलो आणि म्हणालो, एकेकाच्या घरी जाऊन जाब विचारतो. तू भाजी निवडत होतीस. वर न बघता म्हणालीस, "बरं झालं न बापू. बियाच्या फुलाईले आता कोनी हात नाई लावनार."

त्या साली जेवढं बी निघालं तेवढं आधी कधी निघालं नव्हतं. मृगाच्या तोंडावर त्याच बायका एकेक करून बी मागायला आल्या, आणि तू प्रत्येकीला पुडी बांधून दिलीस. एकीलाही टोमणा मारला नाहीस. मी आत बसून दात खात होतो. तुझ्या जागी मी असतो तर त्यांना तणाचं बी दिलं असतं.

पण चिंध्यांचं सोड, तो अडाणीपणा झाला. खरा संताप रोजचा होता. फुलं तुझी, वाफा तुझा, पाठ मोडायची ती तुझी, पण तुझ्या हाताने तोडलेलं फूल कोणाच्या पूजेला चालत नव्हतं. म्हणून रोज सकाळी रेऊबाई यायची. ती सवाष्ण, तिचा हात चालायचा. तू वाफ्याच्या कडेला उभी राहून बोटाने दाखवायचीस, हे घे, ते राहू दे, त्याला चिंधी आहे. ती तोडायची आणि गल्लीभर वाटायची. महालक्ष्म्यांना, श्रावणातल्या मंगळवारांना, लग्नामुंजींना, सगळीकडे हेच. मी एकदा चिडून म्हणालो की हे तुला चालतंच कसं. तू हसलीस. "वऱ्हाडासारखंच हाय न माह्या बागेचं. मालक म्हने निजाम, राज्य इंग्रजाचं, अन् हुकूम येते नागपूरहून. वऱ्हाडाले कोनं इचारलं?" मी ही गोष्ट शाळेत मास्तरांच्या खोलीत सांगितली. सगळे खूप हसले, आणि कोणाची गोष्ट आहे ते मी सांगितलं नाही.

वाचनालयात मी विधवांच्या स्थितीवर बोललो होतो ते तुला माहीत होतं. तासभर बोललो, टाळ्या पडल्या. घरी आलो तेव्हा मी फुगलो होतो. जेवता जेवता तुला म्हणालो, अक्का, उद्यापासून तू स्वतःच्या हाताने फुलं तोडायची, कोण काय म्हणतो ते मी बघतो. तू ताटात भाकरी वाढलीस आणि शांतपणे म्हणालीस, "तोडते न. पन पह्यलं फूल तू माह्या हाती दे. चार लोकाईसमोर दे. मंग म्या तोडीन."

सरू, माझी बायको, चुलीपाशी होती. तिने वळून माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, देतो की, त्यात काय आहे. महालक्ष्म्या होऊ दे.

महालक्ष्म्या झाल्या. मग मी म्हणालो दसरा होऊ दे. मग सरूच्या भावाचं लग्न होतं, तिच्या माहेरचे लोक जुन्या वळणाचे. मग बाबा आजारी होते, त्यांना त्रास नको. बाबा गेले, आणि त्यांचं वर्ष होईपर्यंत थांबू असं ठरलं. कोणी ठरवलं? मीच ठरवलं. तू पुन्हा कधी विचारलं नाहीस, फक्त चिडवायचीस. एकदा मी कोणाबद्दल तरी म्हणालो की त्याचं म्हणजे तेरड्याचा रंग तीन दिवस, तर तू तेरड्याची बाजू घेऊन भांडायला उठलीस. म्हणालीस, ही म्हण करणाऱ्याने तोडलेला तेरडा बघितला असेल, झाडावरचा बघितला नसेल. झाडावर तो दोन महिने फुलतो. "तीन दिवस तं तुहं भाषन टिकते," म्हणालीस. सरू पदराआड हसली. मला ते लागलं होतं, पण मीही हसलो, कारण हसण्यावारी नेलं की विषय संपतो.

तुला ताप आला तो चारच दिवस होता. डॉक्टर आले, औषध दिलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तू खिडकीतून वाफ्याकडे बघत होतीस. मी शेजारी बसलो होतो. मला वाटलं, आता तू बोलशील. म्हणशील, बापू, तू शब्द दिला होता. मी मनात उत्तरही तयार ठेवलं होतं, की बरी हो, या वेळी दिवाळीच्या दिवशी सगळ्यांसमोर देतो. तू म्हणालीस, "रेऊले सांग, झेंडू तोडत जाय म्हना. तोडला नाई तं येनं बंद होईल." बस, एवढंच. त्यानंतर तू काही सांगितलं नाहीस.

तुझाही मला राग आहे, अक्का. छत्तीस वर्षं तू ते फाटक, तो वाफा आणि आमचे नियम सांभाळलेस. एक दिवस, फक्त एक दिवस, रेऊबाई यायच्या आधी झिनियाचं एक फूल खुडून केसात खोवलं असतंस तर काय आकाश कोसळणार होतं? मी काय केलं असतं? ओरडलो असतो? नसतो. तू माझ्यावर विसंबलीस हीच तुझी चूक. गुलाबाची कटकट तू घरात येऊ दिली नाहीस, आणि माझ्यासारख्या माणसाची वाट बघत बसलीस.

हे एवढं लिहून झालं होतं आणि मी जरा बरा होतो. तेवढ्यात सरू आली. सकाळचं तिने पडवीतून बघितलं होतं. माझ्यासमोर बसली. ती तुझ्यासारखीच आहे, आवाज चढवत नाही.

"रेऊवहिनीले काऊन हाकललं?"

मी सगळं सांगितलं. फुलं न्यायला बरी येते, म्हणालो. जन्मभर अक्काच्या फुलांवर मान मिळवला. यांच्या रूढी, यांची शास्त्रं, यांनी माझ्या बहिणीला फुलाशिवाय नेलं. सरूने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या दिवशी अंगनात तुमचा हात कोनं धरला होता?"

मी तिला म्हणालो, मला एकट्याला बसू दे.

आता ते लिहितो. तू तिथे होतीस, पण तुला दिसलं नसेल.

त्या सकाळी तिरडी अंगणात होती. गल्लीतले सगळे जमले होते, माझ्या शाळेतले दोन मास्तर होते, वाचनालयाचे चिटणीस होते. भटजींचं होत आलं होतं. तेवढ्यात विहिरीकडून रेऊबाई आली. तिचा पदर भरलेला होता, बंगल्याची फुलं, सगळ्या रंगांची. तिनेच तोडली होती. चिंधी बांधलेलीसुद्धा तिने तोडली होती, कारण देठाला चिंध्या तशाच होत्या. गल्लीत जी बाई सगळ्यांत जास्त सोवळं पाळते, ती रेऊबाई सगळ्या पुरुषांमधून सरळ पुढे आली आणि माझ्यासमोर थांबली. तिरडीवर तिने स्वतः काही ठेवलं नाही. पदर माझ्यापुढे धरला. म्हणाली, "मास्तर, तुम्ही द्या. तुमच्या हातून पायजेन होतं तिले."

तिला माहीत होतं, अक्का. तू तिला सांगितलं होतंस.

मी भटजींकडे बघितलं. मला वाटलं ते नाही म्हणतील, आणि मी भांडेन. पंधरा वर्षं मी त्या भांडणाची वाक्यं तयार करत होतो. भटजी माझ्याकडे बघून म्हणाले, तुम्ही सांगाल तसं. मागे कोणी खाकरलंसुद्धा नाही. चार लोक होते, फुलं होती, तू होतीस. फक्त हात पुढे करायचा होता.

मी म्हणालो, "राहू द्या, रेऊबाई."

ती मग भरला पदर घेऊन भिंतीपलीकडे गेली, आणि मी तुला उचलायला वाकलो. आज तीच बाई दारात आली. तुला हवा होता तसा झेंडू तोडायला आली होती, आणि मी कडी लावली.

सरूला मी उत्तर दिलं नाही. तुला देतो. माझा हात कोणी धरला नव्हता, अक्का.